मत नाही, तरी झोप नाही

ताई,

आम्ही नऊ वर्षांपासून अमेरिकेत आहोत, त्यातली चार फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात. दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. आई-बाबा नाशिकला. बाबा एकाहत्तर वर्षांचे, मधुमेही. कोरोना सुरू झाल्यापासून जाणं झालेलं नाही. गेले तर नव्या व्हिसाच्या शिक्क्याशिवाय परत येता येणार नाही, आणि तो शिक्का कधी मिळेल हे कोणीच सांगत नाही.

त्यात ही २०२० ची अध्यक्षपदाची निवडणूक. टीव्ही लावला की दर ब्रेकला प्रचार, पोस्टाच्या डब्यात पत्रकांचा गठ्ठा. नवरा रात्री एकपर्यंत सर्व्हेचे आकडे बघतो. इथल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षानुवर्षं एका पंगतीत जेवलेली माणसं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. माझी रात्री अडीचला झोप मोडते आणि हात फोनकडे जातो. आधी नाशिकचे पेशंट, मग पेनसिल्व्हेनियाचे पोल, मग इमिग्रेशनच्या बातम्या. असं करता करता पाच वाजतात. दुसरीतल्या मुलाने परवा विचारलं, "आई, हे जिंकले तर आपल्याला जावं लागेल का?"

मैत्रीण म्हणते, फोन बंद कर आणि एखादी मालिका लाव. लावते, पण अपराधी वाटतं. लोक मरतायत आणि मी हसत बसलेय. मला इथे मत नाही. निदान लक्ष तरी ठेवलं पाहिजे असं वाटतं. पुढचे आठ-दहा दिवस कसे काढू?

जागी, पेनसिल्व्हेनिया

*

प्रिय जागी,

"निदान लक्ष तरी ठेवलं पाहिजे." तुझ्या पत्रातली गाठ या वाक्यात आहे, बाकी सगळं तिच्याभोवती गुंडाळलेलं आहे.

ज्यांना मत आहे त्यांच्याकडे बघ. तुझी शेजारीण मतपत्रिका भरते, पाकिटावर सही करते, पेटीत टाकते. काळजी तिलाही आहे, पण एक काम तिच्या हातून सुटलं. देशभरात सात कोटींहून जास्त लोकांनी ३ नोव्हेंबरचा मतदानाचा दिवस उजाडायच्या आतच मत देऊन टाकलंय. तुझ्या हातात टाकायला पाकीटच नाही. म्हणून तू पहारा धरलास. पहाऱ्यात "झालं बाई एकदाचं" असं म्हणायची सोय नसते, आणि डोळा लागला की आपणच कामचुकार ठरतो. तुझ्या जागण्याने तुमच्या काउंटीतलं एक मतही इकडचं तिकडे होणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी फोन खाली ठेवला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मैत्रिणीचा सल्ला लागू पडत नाही तो यामुळे. ती तुला करमणूक सुचवते आणि तुला वाटतं, ड्युटीवर असताना करमणूक कशी करायची?

तुझी भीती उगाचची आहे असं मी म्हणणार नाही. २२ जूनच्या आदेशाने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बीवाल्यांना ३१ डिसेंबरपर्यंत दार बंद झालं. ते दार पुढे किती उघडेल हे बरंचसं या निकालावर आहे. या देशात कोरोनाने सव्वादोन लाख माणसं नेली. तेव्हा "एवढं मनावर घेऊ नकोस" म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष कर. मनावर घेण्यासारखंच आहे. फक्त ते रात्री अडीचला घ्यायचं का, एवढाच आपला विषय.

आता या अडीचचंच बघ. तुमच्याकडे अडीच वाजतात तेव्हा नाशिकला दुपारचे बारा झालेले असतात. सकाळची कामं आटपून नातेवाइकांचे फोन सुरू होतात, जिल्ह्याचे आकडे, कोण ॲडमिट झालं, कोण घरी आलं, सगळं त्या सुमारास. तू झोपेतून उठतेस ती बाबांसाठी. पोल आणि इमिग्रेशन नंतर येतात, कारण फोन हातात असतोच. त्यामुळे आधी बाबांचं बघू.

त्यांच्याशी बोलायची वेळ बांधून घे. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्यांचे सकाळचे सात. त्यांनी चहाच्या आधी साखर तपासायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि दोन्ही आकडे तुला सांगायचे. तू ते वहीत लिहायचे. वहीतच लिही, फोनमध्ये नको. रविवारी, १ नोव्हेंबरला, पहाटे तुमची घड्याळं एक तास मागे जातील. तेव्हापासून हाच फोन साडेआठला. मग झोपायच्या आधी तुझ्याकडे त्या दिवसाची पक्की खबर असेल, आणि अडीचला तिच्याहून ताजं असं फारसं काही मिळणार नाही.

"पण रात्री खरंच काही झालं तर?" हा प्रश्न तू विचारणारच. फोन खोलीबाहेर चार्जिंगला ठेव, आवाज मोठा कर आणि रात्री फक्त दोन नंबर वाजतील अशी सोय कर. एक आईचा, एक त्यांच्या शेजाऱ्यांचा. डू नॉट डिस्टर्बमध्ये ते करता येतं. आईला सांगून ठेव की साधा फोन करायचा, मेसेज नाही. म्हणजे फोन वाजला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे. तुला उठून खात्री करायची गरज नाही.

आता मंगळवारची रात्र. जागायचा बेत असेलच तुमचा. रद्द करा.

तुमच्या राज्यात गेल्या वर्षीच्या कायद्यामुळे कारण न देता पोस्टाने मत देता येऊ लागलं, आणि महामारीत लोकांनी तो पर्याय उचलून धरला. तीस लाखांवर मतपत्रिका मागवल्या गेल्यात. आणि कायदा असा की ही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडायचीसुद्धा नाहीत. फ्लोरिडात आधीपासून उघडून तयार ठेवतात, तुमच्याकडे नाही. त्यात पेनसिल्व्हेनियाची पाकिटं दुहेरी. बाहेरचं तपासा, आतलं वेगळं करा, ते उघडा, कागद सरळ करा, मग यंत्रात घाला. काही काउंटींनी तर सांगूनच टाकलंय की पोस्टाची मतं आम्ही बुधवारी मोजायला घेऊ. ३ तारखेचा शिक्का असलेली मतपत्रिका शुक्रवारी, ६ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत पोचली तरी चालेल असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. २०१६ मध्ये हे राज्य सुमारे ४४ हजार मतांनी ठरलं होतं. तेवढाच फरक पुन्हा आला तर मंगळवारी रात्री तुम्हाला काय कळणार? काहीही नाही.

कळल्यासारखं मात्र वाटेल, आणि तेच जास्त त्रासाचं. केंद्रावर जाऊन दिलेली मतं आधी मोजली जातील, पोस्टाची नंतर. दोन्ही पक्षांचे मतदार सारख्या प्रमाणात पोस्टाने मत देत नाहीत. त्यामुळे रात्री अकराचा आकडा एक सांगेल आणि गुरुवारचा दुसरंच. तो आकडा वर जाताना बघून आनंद करणारा आणि रडणारा, दोघंही फुकट दमतील. सकाळी उठून एकदा बघायचं, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात मोजणारे मोजत असतात.

आणि हे बघायचं काम नवऱ्याकडे सोपव. तो नाहीतरी बघणारच आहे, त्याला त्यात बरं वाटतं. माणसं काळजी वेगवेगळ्या तऱ्हेने करतात. तुझी रात्री उठते, त्याची तक्त्यांमध्ये बसते. त्याला सांग, बातम्यांचं खातं तुझं. सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणानंतर मला पाच मिनिटांत सांगायचं. जेवताना नाही, मुलासमोर नाही, आणि "पण समजा मिशिगन असं गेलं तर" हेही नाही. घडलं ते सांगायचं, घडू शकेल ते त्याने स्वतःजवळ ठेवायचं.

एक तास मात्र दोघांनी मिळून बसा, रविवारी, दिवसाउजेडी. कागद घ्या. व्हिसाची मुदत कधी संपते, आय-वन-फोर्टी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर आहे का, कंपनीच्या वकिलाला कोणते तीन प्रश्न विचारायचे, बाबांना काही झालं तर दोघांपैकी कोण निघेल, तिकिटाचे पैसे कुठे आहेत, नाशिकला पहिल्या तासात धावून जाणारं कोण आहे. सगळं लिहा. यातल्या निम्म्या गोष्टींना निकालाशी देणंघेणं नाही, हे लिहिताना लक्षात येईल. उरलेल्या निम्म्यांसाठी वकिलाला मेल टाका आणि कागद फाइलला लावा.

ग्रुपबद्दल फार लिहीत नाही. आठवडाभर म्यूट कर, त्याहून चांगलं म्हणजे आर्काइव्ह. व्हॉट्सॲपवर वाद घालून कोणाचं मत बदलल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, आणि तुझ्या ग्रुपमधल्या निम्म्यांना मतही नसेल. दिवाळीला याच लोकांना फराळाचे डबे द्यायचेत. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

तरी हात स्वस्थ बसत नसतील तर एक खरं काम आहे. तुमच्या ओळखीत नुकतेच नागरिक झालेले काका-काकू असतील, पहिल्यांदाच मत देणारे. त्यांना फोन करून विचार, आतल्या पाकिटात मतपत्रिका घातलीत का? पेनसिल्व्हेनियात आतलं पाकीट न वापरता पाठवलेलं मत धरलं जात नाही, सप्टेंबरात तसा निकालच आला. बाहेरच्या पाकिटावर सही केलीत का? अजून घरात पडलं असेल तर आता पोस्टात न टाकता काउंटीच्या पेटीत किंवा कचेरीत स्वतः नेऊन द्या, ३ तारखेच्या रात्री आठच्या आत. सांगायचं काम तुझं, पाकीट पोचवायचं काम ज्याचं त्याचं. दुसऱ्याचं पाकीट हातात घेऊ नकोस. आणि कोणी कितीही आग्रहाने पुढे केला तरी मतदार नोंदणीचा फॉर्म भरू नकोस. नागरिक नसताना ती चूक फार महागात पडते. चार फोन होतील, चार पाकिटं नीट जातील. रात्रभर स्क्रीनकडे बघण्यापेक्षा हे बरंच उपयोगाचं.

आता करमणूक. मालिका लावून हातात फोन धरला तर मालिकाही जाते आणि फोनही राहतो. ज्यात दोन्ही हात अडकतात आणि लक्ष चुकलं की लगेच नुकसान होतं, असं काहीतरी लागतं. यंदा आश्विन अधिक आला म्हणून दिवाळी लांबली, लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला आहे. म्हणजे भाजणी करायला हाच मुहूर्त. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक मूग डाळ, अर्धी उडीद डाळ, धणे-जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन, कापडावर पसरून सुकव. मग प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, मंद आचेवर, सतत ढवळत. सगळं एकदम कढईत घालायचा मोह होईल, घालू नकोस. हरभरा डाळीला वेळ लागतो, मूग पटकन रंग बदलते, आणि जिरं तर बघता बघता काळं पडतं. तांदूळ हलके होऊन कढईत आवाज बदलतो तो ऐकू यायला हवा. तासभर तरी फोन धरता येणार नाही, आणि धरलास तर करपल्याचा वास पेनसिल्व्हेनियाच्या निकालाच्या कितीतरी आधी येईल. गिरणी तिथे नाहीच. मिक्सरवर थोडं थोडं दळ, चाळून घे, जाडसर राहील ते पुन्हा फिरव.

स्वयंपाकात मन रमत नसेल तर क्रिकेट आहे. यंदा अमिरातीत चाललेल्या आयपीएलचे, भारतीय वेळेने संध्याकाळचे सामने तुमच्याकडे आता सकाळी दहाला लागतात, रविवारपासून नऊला लागतील. घरूनच काम करताय, एका कानात कॉमेंटरी चालेल. मुंबईचा साखळीतला शेवटचा सामना हैदराबादशी आहे, शारजात, आणि तारीख आहे ३ नोव्हेंबर. तुमच्याकडे लोक मतदानाच्या रांगेत उभे असतील तेव्हा टॉस झालेला असेल. मी चेन्नईच्या संघाची, त्यामुळे यंदा माझं सुतकच आहे. पहिल्यांदा प्लेऑफ हुकले. पण आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड बघ. स्पर्धेच्या तोंडावर पॉझिटिव्ह निघाला, दिवसचे दिवस एकटा खोलीत बंद होता, आणि गेल्या रविवारी बंगळुरूविरुद्ध नाबाद ६५ काढले. मॅच बघण्यासारखी असते त्याला आणखी एक कारण आहे. तीन-साडेतीन तासांत निकाल लागतो आणि कोणी कोर्टात जात नाही.

बाबांच्या सकाळच्या फोनलाही थोडा वेगळा विषय दे. दिवाळी अंक आले की त्यांना रोज एक पान वाचून दाखवायला सांग. साखरेचा आकडा सांगून झाला की वाचन. त्यांचाही दिवस बातम्यांतच जात असणार. एकाहत्तराव्या वर्षी, बाहेर पडायचं नाही अशा घरात, मुलीला वाचून दाखवायचं काम मिळालं तर ते दाढी करून बसतील.

अपराधीपणाचं काय करायचं, हे मला नीट सांगता येणार नाही. तो एका सल्ल्याने जात नाही. एवढं मात्र विचारते. तू रात्री जागून कोणाचं दुःख कमी केलंस? दुसऱ्या दिवशी मुलावर खेकसलीस, मीटिंगमध्ये डोळे मिटत होते, बाबांशी बोलताना अर्धं लक्ष आकड्यांकडे होतं. ज्यांच्या काळजीने जागलीस त्यांच्याच वाट्याचं काढून घेतलंस. हसलीस तर कोणाचा ऑक्सिजन कमी होत नाही. नाशिकला तुझी आई दुपारी मालिका बघत असेल तर तिला तू "कसं सुचतं तुला" म्हणशील का? उलट बरं वाटेल तुला.

मुलाचं उत्तर आधी ठरवून ठेव, कारण तो पुन्हा विचारणार. "आपल्याला आत्ता कुठेही जायचं नाही. कधी ठरलं तर आम्ही तुला आधी सांगू, अचानक नाही." एवढंच. कोण चांगलं, कोण वाईट यात शिरू नकोस, तो ते उद्या वर्गात मोठ्याने सांगेल. आणि त्याच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे. त्याच्या कानावर नाशिकला जाणं हे शिक्षेसारखं पडतंय. जिथे आजी-आजोबा आहेत त्या गावाचं नाव घरात फक्त दबक्या आवाजात, भीतीच्या वाक्यात येऊ देऊ नका. उद्या कोजागिरी आहे. तुमच्याकडे शनिवारी हॅलोविन, आणि तोही पौर्णिमेचा, या महिन्यातली दुसरी. दारोदार फिरणं यंदा नको म्हणत असाल तर मागच्या अंगणात मुलाला सोंग घालून बसवा, मसाला दूध द्या आणि व्हिडिओवर आजीला दाखवा. दोन्ही सण एका चंद्रावर उरकतील.

हे सगळं करूनही निकालानंतर पंधरा दिवसांत झोप परतली नाही, जेवण जाईना, छाती धडधडायला लागली, किंवा कशातच अर्थ वाटेनासा झाला, तर डॉक्टरांशी बोल. हल्ली व्हिडिओवर भेटतात. कंपनीत एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम असेल तर समुपदेशनाच्या काही बैठका फुकट मिळतात, आणि तिथे बोललेलं मॅनेजरपर्यंत जात नाही. आणि जगणंच नकोसं वाटलं तर पंधरा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी नवऱ्याला उठवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

भाजणी रविवारी दुपारी, त्या कागदाच्या कामानंतर कर. चकल्या मात्र बुधवारी संध्याकाळी. तो दिवस सगळ्यात लांब जाईल, निकाल बहुधा लागलेला नसेल आणि नवरा घरात येरझाऱ्या घालत असेल. त्याला सोऱ्या फिरवायला बसव, जोर त्याचाच लागतो. पहिल्या घाण्यात दोनच सोड. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळ. कडक झाली तर मोहन कमी पडलं. आणि पाडतानाच तुकडे पडत असतील तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळ.

तुझी,
ताई